तारांचा संच बदलला आणि गिटार झणझणू लागली

तक्रार एका ओळीची होती: "खरखर येते, सगळीकडे येते, पण दरवेळी येत नाही." गिटार इलेक्ट्रिक, स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात स्ट्रॅट) धाटणीची. नेकवर (मानेवर) २२ फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या; नटपासून, म्हणजे नेकच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून, सॅडलपर्यंत, म्हणजे ब्रिजवरच्या तारेच्या टेकूपर्यंत, ६४८ मिमी तार; फिंगरबोर्डच्या गोलाईची त्रिज्या ९.५ इंच, सहा स्क्रूंवर झुलणारा ट्रेमोलो ब्रिज, तारांची थरथर विजेत बदलणारे तीन सिंगल कॉइल (एकेरी वेटोळ्याचे) पिकअप. वाजवणारा ऑर्केस्ट्रातला. तीन आठवड्यांपूर्वी त्याने १०-४६ चा संच (सगळ्यात पातळ तार ०.०१० इंच, सगळ्यात जाड ०.०४६) उतरवून ९-४२ चा चढवला, मींड घेताना बोटांवर जोर कमी यावा म्हणून. आवाज सुरू झाला तो तेव्हापासून. आधी त्याला वाटलं तारा खराब निघाल्या, म्हणून तोच संच पुन्हा नवा आणला. मग सॅडल उचलले. मग पिकअपचं चुंबक तारांना खेचत असेल म्हणून तिन्ही पिकअप खाली उतरवले. जुना आवाज गेला नाहीच, वर दोन नव्या आवाजांची भर पडली. ते त्याच्या कानात जुन्यातच मिसळून गेले.

अशा तक्रारीत "सगळीकडे" हा शब्द आधी फोडावा लागतो. गिटारचा कुठलाही आवाज सगळीकडे नसतो. तो एका तारेचा असतो, एका फ्रेटचा असतो किंवा एका सुराचा असतो, आणि या तिघांतला फरक कळला की निम्मं काम झालं.

ॲम्प बंद ठेवून, शांत खोलीत, पंखासुद्धा बंद करून सुरुवात केली. ट्युनरवर सूर मिळवून घेतले. मग प्रत्येक तार आधी मोकळी आणि नंतर १ ते २२ फ्रेटवर दाबून, एकाच जोराने, पिक (तार छेडायची पातळ चकती) दरवेळी मधल्या पिकअपवरच मारून वाजवली. सहा तारा, प्रत्येकीच्या २३ जागा, एकूण १३८ जागा. चौकटीच्या कागदावर आडवे फ्रेट, उभ्या तारा, आणि जिथे काही ऐकू येईल तिथे खूण. वीस मिनिटांचं काम आहे, कंटाळवाणं आहे, आणि नव्वद टक्के लोक तेच टाळून थेट स्क्रू ड्रायव्हर उचलतात. पिकचा जोर आणि जागा बदलत राहिली तर हा तक्ता निरुपयोगी होतो. ब्रिजजवळ वाजवलेली तार कमी झोके घेते, नेकजवळ तीच तार फ्रेटला घासते.

कागदावर चार वेगळी चित्रं उमटली. जाड ई, ए आणि डी या तारांवर पहिल्या चार फ्रेटना जोरात वाजवलं की कोरडी खरखर, पाचव्यापासून पुढे साफ. जी तार मोकळी वाजवली की सतारीसारखा पातळ झंकार, पहिल्या फ्रेटवर दाबली की तो गायब. ए तारेवर कुठेही वाजवा, सुराच्या सुरुवातीला बारीक धातूची टिकटिक. आणि चौथं सगळ्यात फसवं: ए तारेचा चौथा फ्रेट आणि जाड ई तारेचा नववा फ्रेट, या दोनच ठिकाणी प्लास्टिक थरथरल्यासारखी झणझण.

त्या दोन जागा वेगवेगळ्या तारांवर, वेगवेगळ्या फ्रेटवर आहेत, पण सूर एकच आहे: सी शार्प, १३८.६ हर्ट्झ. तार बदलली, फ्रेट बदलला, तरी झणझण सुराबरोबरच गेली. म्हणजे तिचा फ्रेटशी संबंध नाही. गिटारवरची कुठली तरी सैल वस्तू त्या कंपनसंख्येला डोलते आहे. उलट जर ए तारेचा चौथा फ्रेट खरखरला असता आणि ई तारेचा नववा स्वच्छ वाजला असता, तर शोध फ्रेटवरच घ्यावा लागला असता. तोच सूर दुसऱ्या तारेवर वाजवून पाहणं हे या सगळ्या प्रकारातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वापरलं जाणारं साधन आहे.

ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर तर फ्रेटची खरखर, सॅडलची टिकटिक आणि ही झणझण असे तिघे एकत्र नांदत होते. ऑर्केस्ट्रात गाण्यागणिक पट्टी बदलते, सी शार्प कधी येतो कधी येत नाही; "दरवेळी येत नाही" चा उलगडा तिथे झाला.

पुढची पायरी ॲम्पची. स्वच्छ आवाज, ट्रेबल मध्यावर, डिस्टॉर्शन बंद. विजेची घूं आणि तारेची खरखर यांची गल्लत होते, म्हणून आधी तारा हाताने दाबून गप्प केल्या. तरीही जी घूं उरते ती विजेची. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर नेल्यावर ती जवळपास संपली, म्हणजे ॲम्प आणि केबल ठीक. व्हॉल्यूम वाढवून तारांना हात लावल्यावर कमी झाली, म्हणजे ब्रिजपर्यंत अर्थिंगची वायर शाबूत. सिंगल कॉइलला आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेची एवढी घूं असायचीच. ट्यूबलाइट आणि डिमरजवळून दूर सरकलं की उतरते. हात लावल्यावर घूं वाढली असती, किंवा माइकला ओठ लागताच झिणझिण्या आल्या असत्या, तर गिटार बाजूला ठेवून आधी हॉलच्या तीन पिनांच्या सॉकेटचं अर्थिंग तपासायला हवं होतं. ते काम इलेक्ट्रिशियनचं. अर्थची पिन काढून घूं घालवायचा उपाय मात्र कोणी सुचवला तर ऐकू नये, त्यात जीव जातो.

आता ॲम्पमधून काय ऐकू येतं? फ्रेटची खरखर अर्धीमुर्धी, ए तारेची टिकटिक अगदी पुसट, जी चा झंकार स्पष्ट, सी शार्पची झणझणही स्पष्ट. ही शेवटची नोंद महत्त्वाची. ट्युनरचा सैल नट किंवा बटणाची चकती झणझणली तर ती कानाला ऐकू येते, पण पिकअपला फारशी पोचत नाही, कारण पिकअप ऐकतो तो तारेच्या हालचालीला. जी झणझण ॲम्पमधून ठणठणीत येते, तिच्यात एक तर तार गुंतलेली असते किंवा खुद्द पिकअप. याच कारणाने, ॲम्प बंद असताना ऐकू येणारी पण ॲम्पमधून अजिबात न येणारी हलकी खरखर हा इलेक्ट्रिक गिटारमध्ये दोष धरू नये. ती शून्यावर आणायच्या नादात ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारांची उंची, इतकी वर जाते की वाजवणं शिक्षा होते.

सैल वस्तू शोधताना एक मोह आवरावा लागतो: सगळे स्क्रू एकदम आवळून टाकण्याचा. आवाज जातो, पण कशामुळे गेला ते कळत नाही, आणि महिनाभराने ऐन कार्यक्रमात परत येतो. इथे गिटारची बॉडी ॲम्पच्या स्पीकरला टेकवून ठेवली आणि फोनवरच्या सूर काढणाऱ्या ॲपमधून १३८.६ हर्ट्झचा साधा सूर ॲम्पमध्ये सोडला. सूर १२० वरून १६० पर्यंत हळूहळू चढवत नेला, तेव्हा १३६ ते १४१ या पट्ट्यात गिटार बोलू लागली आणि १३९ च्या आसपास सगळ्यात जोरात. दोन्ही हात मोकळे. मग एकेक जागा बोटाने दाबत गेलो: सहा ट्युनर, तारा खाली दाबून धरणारी ट्री, नटमागचे तारांचे तुकडे, नॉब, जॅकची पट्टी, पिकगार्डचे कोपरे, मागचं प्लास्टिकचं झाकण, पट्ट्याच्या खुंट्या, ट्रेमोलोच्या स्प्रिंगा. मधल्या पिकअपवर बोट टेकताच शांतता. बोट उचललं, झणझण परत. तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच. एकदा जमलं तर योगायोग असू शकतो, म्हणून तीनदा.

कारण उघड होतं. स्ट्रॅटचा पिकअप पिकगार्डखाली दोन स्क्रूंवर लटकतो आणि प्रत्येक स्क्रूवरची स्प्रिंग त्याला खाली दाबून ताठ ठेवते. पिकअप वर घेतला की स्प्रिंग आवळली जाते, खाली सोडला की सैल होते. मालकाने मधला पिकअप इतका उतरवला होता की दोन्ही स्प्रिंगांत जोरच उरला नव्हता. पिकअप दोन स्क्रूंवर घंटेच्या लोलकासारखा मोकळा. त्याची शंका मुळात चुकीची नव्हती. पिकअप तारांच्या फार जवळ असले की चुंबकाच्या ओढीने जाड तारांचे वरचे सूर लाटा आल्यासारखे हेलकावतात. पण तो आवाज खरखरीचा नसतो, बेसूरपणाचा असतो, आणि या गिटारमध्ये तो नव्हता.

थकलेल्या स्प्रिंगांऐवजी १२ मिमी लांबीचे सिलिकॉनच्या नळीचे दोन तुकडे घातले. नळी स्प्रिंगसारखी स्वतः वाजत नाही. मग शेवटच्या फ्रेटवर तार दाबून, तारेच्या पोटापासून चुंबकाच्या माथ्यापर्यंत जाड बाजूला २ मिमी, पातळ बाजूला १.६ मिमी, असे तिन्ही पिकअप बसवले. सूर पुन्हा १२० ते १६० फिरवला. काही नाही.

ए तारेची टिकटिक शोधायला कागदाची पट्टी पुरली. प्रत्येक सॅडलला उंचीचे दोन बारीक ॲलन स्क्रू असतात आणि दोन्हींचे पाय ब्रिजच्या पट्टीवर टेकलेले असावे लागतात. ए च्या सॅडलखाली एका पायाशी कागद अडला, दुसऱ्या पायाखालून आरपार गेला. सॅडल उचलताना एकच स्क्रू फिरवला गेला होता. सॅडल तिरकं, तारेचा सगळा भार एका पायावर, आणि दुसरा स्क्रू आट्यांमध्ये मोकळा थरथरतोय. १.५ मिमीच्या ॲलन कीने दोन्ही पाय टेकवले, सॅडल पट्टीला समांतर आणलं, टिकटिक थांबली. आटे झिजून स्क्रू आपोआप फिरत असेल तर आट्यांवर पारदर्शक नेलपॉलिशचा एक ठिपका पुरतो. सुपरग्लू नको, पुढच्या वेळी स्क्रू निघणार नाही.

राहिली मूळ गोष्ट, पहिल्या चार फ्रेटची खरखर. आणि इथे मालकाच्या हातून झालेली चूक बहुतेकांच्या हातून होते.

१०-४६ चा संच या लांबीवर, नेहमीच्या सुरात, नेकला साधारण ४६-४७ किलोने ओढतो. ९-४२ चा ३८-३९ किलोने. म्हणजे एका संध्याकाळी नेकवरची जवळजवळ ८ किलोची ओढ उतरली. नेकच्या आतला ट्रस रॉड मात्र आधीच्याच ताकदीने उलट बाजूला खेचतोय, त्यामुळे नेकमधला हलका बाक निघून गेला. ट्रेमोलोचंही तेच: पुढून तारा, मागून स्प्रिंगा अशी ती रस्सीखेच असते. तारा हलक्या झाल्या, स्प्रिंगा जिंकल्या, ब्रिजची मागची कड बॉडीला टेकली आणि तिच्याबरोबर सगळे सॅडल खाली गेले. आल्या दिवशी ब्रिजखाली कागदही जात नव्हता.

मालकाने सॅडल उचलून याची भरपाई केली. १७ व्या फ्रेटवर जाड ई तार २.४ मिमी उंचीवर होती. या घडणीला कारखान्याचं माप १.६ मिमीचं. म्हणजे ॲक्शन नको तेवढी उंच, आणि तरी पहिले चार फ्रेट खरखरतात. ही जोडी दिसली की सॅडलला हात लावू नये. हिशोब साधा आहे. प्रत्येक फ्रेट उरलेल्या तारेच्या ५.६ टक्के अंतरावर असतो. सॅडल १ मिमी उचललं तर १२ व्या फ्रेटवर मोकळी तार अर्धा मिमी वर येते, पण पहिल्या फ्रेटवर फक्त ०.०५६ मिमी, डोक्याच्या केसाइतकंही नाही. पहिल्या फ्रेटवर बोट दाबून दुसऱ्यावरची फट पाहिली तरी सॅडलच्या त्या १ मिमीने तिच्यात तेवढीच भर पडते. याउलट नेकला ०.२ मिमीचा बाक दिला तर दुसऱ्या फ्रेटवर जवळपास तेवढीच, ०.०५-०.०६ मिमी, जागा मिळते, आणि वरच्या फ्रेटवर तारा बोटांपासून दूर पळत नाहीत.

आधी ब्रिज. मागच्या झाकणाखाली तीन स्प्रिंगा, त्या एका पंजाला अडकवलेल्या आणि पंजा दोन लांब स्क्रूंनी लाकडात. हवी असलेली फट ३ मिमी. फट मोजायला जुनी एटीएम कार्डं उत्तम: एक कार्ड ०.७६ मिमी जाडीचं असतं, चार मिळून ३ मिमीला किंचित वर. ब्रिजच्या मागच्या कडेखाली चार कार्डं सरकवली आणि तारा सुरात आणल्या. स्प्रिंगा ब्रिजला खाली खेचत असल्याने कार्डं घट्ट आवळली गेली. मग पंजाचे दोन्ही स्क्रू अर्धा-अर्धा आटा ढिले करायचे, पुन्हा सूर मिळवायचे, कार्डं ओढून पाहायची. चौथ्या फेरीला कार्डं हलक्या हाताने निघाली आणि ब्रिज तिथेच राहिला. स्प्रिंगांच्या या पंजाला अर्थिंगची वायर डाख देऊन जोडलेली असते. स्क्रू फिरवताना जुना डाख तुटतो आणि मग खरखर जाऊन घूं येते. झाकण लावायच्या आधी तारांना हात लावून पाहणं सोडू नये.

मग बाक. पहिल्या फ्रेटवर कापो (तारा दाबून धरणारा चिमटा), उजव्या हाताने शेवटच्या फ्रेटवर जाड ई दाबलेली, आणि ८ व्या फ्रेटच्या माथ्यावर फीलर गेज. हे गेज टॅपेट सेट करणाऱ्या मेकॅनिककडे असतं तेच, ऑटो स्पेअरच्या दुकानात मिळतं. ०.०५ मिमीचं पातं अडखळत गेलं, ०.१० चं तारेला उचलू लागलं. म्हणजे नेक जवळपास सपाट. तार फळीसारखी सरळ थरथरत नाही, मध्ये फुगते. त्या फुगण्याला नेकमध्ये थोडा खळगा लागतो.

या ट्रस रॉडचं तोंड १/८ इंचाचं आहे, म्हणजे ३.१७५ मिमी. ३ मिमीची ॲलन की त्यात सहज बसते, थोडी फिरते, आणि मग आतले षटकोनाचे कोपरे खाऊन टाकते. नेक बाद होण्याची ही सगळ्यात स्वस्त पद्धत आहे. बरोबर मापाची की पूर्ण आत घालून डावीकडे पाव आटा. सूर मिळवले, दहा मिनिटं थांबलो: ०.१५. आणखी अष्टमांश आटा: ०.२०. कारखान्याचं माप ०.२५ आहे, पण या वादकाचा हात हलका आहे आणि त्याला तारा खाली हव्यात, म्हणून तिथेच थांबलो.

डावीकडे सोडताना एक धोका असतो. रॉड पूर्ण सैल झाला तर तो नेकच्या आत स्वतःच खुळखुळतो, आणि तो आवाज नेकमधून येत असल्याने कुठूनही आल्यासारखा वाटतो. तारा तळहाताने गप्प करून नेकच्या पाठीवर मुठीने हलकेच ठोकलं, आत काही वाजलं नाही. कीलाही अजून रोध होता.

ब्रिज वर आल्याने ॲक्शन आता ३.३ मिमीवर पोचली होती, म्हणजे मालकाने चढवलेलं सगळं उतरवायचं. जाड ई १.८, पातळ ई १.६, मधल्या तारा फिंगरबोर्डच्या गोलाईबरोबर. दोन्ही स्क्रू सारखे फिरवून, अर्थात. मग १२ व्या फ्रेटचा सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून निघणारा सूर) जुळवून प्रत्येक सॅडलची लांबी लावली. ॲक्शन इतकी बदलल्यावर आधीचं इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरचा सुरेलपणा, टिकत नाही. १३८ जागा पुन्हा वाजवल्या. खरखर गेली. एखादा फ्रेट उठलेला असेल तर ॲक्शन उतरवल्यावर तोंड वर काढतो, म्हणून तीन-तीन फ्रेटवर सरळ धारेची पट्टी ठेवून डुलते का ते पाहिलं. कुठेच डुलली नाही.

जी तार अजून झंकारतच होती. तिला सतारीचा आवाज म्हटलं ते नुसतं वर्णन म्हणून नाही. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढतात तेव्हा घोडीचा माथा कानशीने घासून अगदी हलक्या उताराचा करतात. तार तिथे एका टोकावर सुटत नाही. त्या पसरट माथ्याला चाटत, घासत सुटते, आणि खाली सरकवलेल्या सुताने तो घास नेमका जिथे हवा तिथे आणला जातो. १९६७ मध्ये अमेरिकेत निघालेल्या कोरल इलेक्ट्रिक सितारमध्ये हाच झंकार रुंद, सपाट ब्रिज बसवून मिळवला होता. गिटारच्या नटला मात्र जवारी नको असते. तार खाचेच्या पुढच्या, म्हणजे फ्रेटकडच्या कडेवरून धारदार सुटायला हवी. ती कड झिजली की तार खाचेत मागे कुठेतरी टेकते, पुढच्या भागाला चाटत राहते आणि नकळत जवारी लागते.

पहिल्या फ्रेटवर दाबल्यावर आवाज जातो, यावरून नटचा संशय पक्का होताच. भिंगातून खाच पाहिली तर घासून चकाकलेला ठिपका मागच्या अर्ध्यात. शिवाय खाच जुन्या ०.०१७ इंची तारेची आणि आता तार ०.०१६ ची. हा फरक ०.०२५ मिमीचा, एरवी काही बिघडवणारा नाही, पण झिजलेल्या खाचेत तार आडवी हलायला तेवढा पुरतो. उंचीही तपासली: दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबून पहिल्या फ्रेटवरची फट पाहायची. बाकीच्या पाच तारांखाली झेरॉक्सचा कागद, साधारण ०.१ मिमीचा, सरकला. जी खाली नाही सरकला. सहाही तारा तशा असत्या तर नट बदलावा लागला असता. एकच असल्याने खाच भरणं रास्त.

जी तार ढिली करून बाजूला घेतली. नटच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, कारण सुपरग्लू फिंगरबोर्डवर ओघळला की फिनिश जातं. खाचेत चिमूटभर खाण्याचा सोडा दाबून बसवला, त्यावर पातळ सुपरग्लूचा एकच थेंब, टूथपिकच्या टोकाने. क्षणात दगड होतो, वाफ येते, तोंड जवळ नेऊ नये. पाच मिनिटांनी ०.०१६ च्या नट फाइलने नवी खाच काढली: फाइलचं मागचं टोक ट्युनरच्या दिशेने खाली झुकवून, म्हणजे खाचेचा सगळ्यात उंच बिंदू पुढच्या कडेला येतो. दोन-चार घास, तार बसवून पाहणं, पुन्हा दोन-चार घास. इथे घाई केली तर एका घासात पुन्हा सोड्यापाशी. कागद सरकला, त्याची दुहेरी घडी अडली, म्हणजे ०.१ आणि ०.२ च्या मध्ये, तिथे थांबलो. मोकळी जी घंटेसारखी वाजली. सोड्याची ही भर हाडाच्या नटइतकी टिकत नाही. पुढच्या वेळी हाडाचा नवा नट घालावा असं मालकाला सांगितलं.

गिटार परत देताना त्याने ट्रेमोलोचा आर्म (ब्रिज हलवायचा दांडा) खोचला, आणि वाजवताच पुन्हा किणकिण. आर्म तपासणीत काढून ठेवला होता. ही तपासणीतली चूक: गिटार जशी वाजवली जाते तशीच तपासायला हवी, आर्मसकट, पट्ट्यासकट, केबल खोचून. आर्मच्या आट्यांवर नळकामाची पांढरी टेफ्लॉन टेप अडीच वेढे, आटे ज्या दिशेने आवळतात त्याच दिशेने गुंडाळून. किणकिण गेली, आर्म सोडला तिथेच थांबू लागला. स्प्रिंगांची पोकळीही एकदा ऐकून घेतली. तारा एकदम थांबवल्यावर मागून रेंगाळणारा स्प्रिंगांचा नाद होता, पण अनेकांना तो आवडतो. याला आवडत होता, म्हणून तिथे फोम घातला नाही.

आठवड्याने बाक पुन्हा मोजला, ०.२२. रॉड सोडल्यावर लाकूड एक-दोन दिवस हळूहळू बसतं, त्यामुळे हे अपेक्षितच. बाकी सगळी मापं जागेवर. पण मालकाचं म्हणणं, तालमीच्या हॉलमध्ये झणझण अजून येते, घरी येत नाही. गिटार तीच, ॲम्प तोच. हॉलमध्ये ॲम्प ड्रमसेटच्या शेजारी. त्याला तोच सी शार्प वाजवून लांब धरायला सांगितला आणि दुसऱ्याला स्नेअर ड्रमच्या बाजूचा खटका खाली पाडायला. स्नेअरच्या खालच्या कातड्याला टेकलेल्या तारा सुटल्या आणि हॉल गप्प झाला.